धनूचा व्यायाम आणि अव्वाचा जीव

अक्कलकोट,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. धनलक्ष्मी हिस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

इकडं समदी खुशाल हाय, तिकडची खुशाली कळव, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवलं. खरं तर कालपासनं घशाखाली घास उतरत न्हाई.

आपला शेजारचा चन्नप्पा मार्केट यार्डात कांदा घालायला सोलापुरात आलता. त्याच्याकडं तुझ्यासाठी शेंगापोळ्या दिल्या व्हत्या. तू घरात नव्हतीस. तुझ्या सासूबाईंनी सांगितलं, सात रस्त्याजवळच्या हॉलवर गेलीय. चन्नप्पा तितं गेला आणि त्यानं जे बघितलं ते घरी येऊन मला पाटीवर लिवून दाखवलं. तू म्हणं दोन्ही हातांनी रबरी पट्टा ताणत व्हतीस, घाम निथळत व्हता, आणि तुझी नणंद श्रीदेवी समोर उभी राहून अजून एकदा, अजून एकदा म्हणत व्हती. पाच महिन्यांच्या पोटुशी बाईला!

धनू, माझे कान गेलेत, अक्कल गेली न्हाई. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात काय झालं ते इसरलीस का गं? हितं माझ्याजवळ व्हतीस, मी तुला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला न्हाई. एवढं जपून पण ते राहिलं न्हाई. मग आता हे पट्टे कशाला ताणायचे? श्रीदेवी तालमीची मास्तरीण हाय, पोरांना शिकवू दे की. तू उद्यापासनं घरात बस. नसंल जमत तर मल्लेशला पाठवते, हिकडं ये. तुझा भाऊ तुला घेऊन यायला एका पायावर तयार हाय.

सासूबाईंना नमस्कार, जावई अमरेशला आशीर्वाद. पत्र मिळाल्याबरोबर उत्तर दे, तंवर ह्या आईचा जीव टांगलेला हाय.

तुझी अव्वा,
पार्वतम्मा


सोलापूर,
८ नोव्हेंबर २०२४

ती. अव्वाच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चन्नप्पाकाकांना सांग, यापुढे नुसत्या पोळ्या आणा, बातम्या नकोत. मल्लेशच्या मोबाईलवर लिहावं तर आधी अख्खं घर वाचतं आणि मग तुझ्यापर्यंत पोचतं. म्हणून पत्रच बरं.

अव्वा, मी मनानं काही करत नाही. डॉक्टरबाईंनीच सांगितलंय. माझी साखर काठावर आली आहे. नुसती पडून राहिले तर वाढेल, मग इंजेक्शनं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाची वार गर्भाशयात थोडी खाली दिसली, हेही तुला सांगून ठेवते. बहुतेक बायकांची पुढे आपोआप वर सरकते म्हणाल्या. तोवर उठाबशा नाहीत, वजन उचलायचं नाही, उड्या नाहीत. चालणं आणि हलका व्यायाम चालेल, असं त्यांनी श्रीदेवी अक्काला समोर बसवून सांगितलं. त्याशिवाय अक्कानं मला वर्गात घेतलंच नसतं. सख्ख्या भावाची बायको असूनसुद्धा पहिले दोन आठवडे दारातून परत पाठवलं होतं.

वर्गाचा नियम ऐक. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं. त्यामुळे आम्ही सगळ्या जणी हात हलवत एकमेकींच्या सासवांबद्दल बोलत असतो. आणि अक्का ‘अजून एकदा’ म्हणत होती ते श्वासाबद्दल. घामाचं काय सांगू, सोलापुरात नोव्हेंबरातही पंखा लागतो.

मागचं मी विसरले नाही. तुला माहीत नाही अव्वा, दिवस गेल्याचं कळल्यापासून मी जिनासुद्धा उतरत नव्हते. शिंक आली तरी पोट धरायची. रात्री अंगाखाली हात घालून बघायची, ओलं तर नाही ना. या वर्गात जायला लागल्यापासून मला झोप लागते. एवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

मल्लेशला व वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
धनू


अक्कलकोट,
१३ नोव्हेंबर २०२४

चि. श्रीदेवी हिस पार्वतम्माचे आशीर्वाद.

तुला मी कधी पत्र लिवलं न्हाई, आज लिवते. सोयऱ्या घरची लेक म्हणून तोंड सांभाळून लिवावं लागतं, पण पोटात आग हाय.

धनू तुझं नाव घेऊन मला शिकवायला लागलीय. तू शिकलेली हायस, सर्टिफिकीटं भिंतीवर लावलीत असं ऐकते. पण ज्या बाईनं स्वतः कळा सोसल्या न्हाईत, तिनं दुसरीच्या पोटाशी खेळ मांडू नये, असं मला वाटतं. माझं एक नातवंड गेलंय. तुझं पण भाचरूच व्हतं ते. ह्या वेळी काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण, ते मला कागदावर लिवून पाठव. तू हमी घे, मी गप बसते.

आईला माझा नमस्कार सांग. राग मानू नको, मानलास तरी उत्तर दे.

पार्वतम्मा


सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. पार्वतम्मा मावशींस श्रीदेवीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. मधल्या एका वाक्यापाशी थांबले, घडी घालून ठेवलं आणि संध्याकाळी परत उघडलं. मी मूल जन्माला घातलेलं नाही, हे खरं आहे. लग्नच केलं नाही. त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही, मावशी. पण तुमच्या अक्षरात ते जास्त लागलं.

हमी मी देत नाही. डॉक्टरही देणार नाहीत. जो कोच पोटातल्या बाळाची हमी देतो त्याच्या दारात धनूला पाठवू नका, एवढंच सांगते. मी काय करते ते मात्र सांगू शकते. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते. रक्त दिसलं का, पाणी गेलं का, डोकं दुखतंय का, चक्कर येते का, बाळ हलतंय का. यातलं एक जरी चुकीचं वाटलं तर चप्पल घालायला लावून थेट दवाखान्यात पाठवते. रिकाम्या पोटी कुणाला उभं करत नाही. पाठीवर उताणं फार वेळ झोपवत नाही. धनूची वार खाली आहे म्हणून ती बाकीच्यांच्या निम्मंसुद्धा करत नाही. तिला ते कमी वाटतं, रुसते. पुढची सोनोग्राफी होईपर्यंत मी तसूभर वाढवणार नाही.

मला भीती वाटत नाही असं समजू नका. घरातलं माणूस वर्गात असलं की मी तेच प्रश्न दोनदा विचारते.

तुम्ही एकदा या. खुर्ची टाकते, समोर बसा. पटलं नाही तर तिथल्या तिथे तिला उठवून न्या, मी अडवणार नाही.

मल्लेशभाऊंना नमस्कार. तुमचा राग चालेल, अबोला धरू नका.

आपली,
श्रीदेवी


अक्कलकोट,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. धनलक्ष्मी हिस अनेक आशीर्वाद.

पोचले. यष्टीत खिडकी मिळाली, कंबर दुखली न्हाई. तुझ्या सासूबाईंनी दिलेली चटणी मल्लेशनं वाटेतच निम्मी संपवली.

धनू, खरं लिवते. मी तुला तितनं उठवून आणायचं ठरवूनच आलते. मल्लेशला भाड्याची गाडी तयार ठेवायला सांगितली व्हती. हॉलमधी बसले, पण काय चाललंय ते ऐकू येत न्हाई, म्हणून नुसती तोंडं बघत बसले. समद्या पोटुशा बाया, कुणी वकिलाची, कुणी विडीवालीची सून, एका रांगेत हात वर करतात आणि हसतात. त्या निळ्या ड्रेसवालीला चेव आलता. श्रीदेवीनं तिला खांदा धरून खाली बसवलं, पाणी दिलं, आणि परत उठूच दिलं न्हाई. ती बाई चिडली, श्रीदेवी हलली न्हाई. ते मला बरं वाटलं.

आणि तू हसत व्हतीस. मागच्या वर्षापासनं तुझं तसलं तोंड मी बघितलं नव्हतं. मग कुठल्या तोंडानं उठवू?

माझी भीती गेली असं समजू नको. ती हाय तिथंच हाय. फक्त तुझ्यापाशी बोलायची बंद करते. एक वचन दे. काही झालं, बरं की वाईट, तर मला खरं लिव. कान न्हाईत म्हणून लोक मला अर्धंच सांगतात. तू पुरं सांग.

जेवत जा, साखरेचं पथ्य पाळ, अव्वाची आठवण ठेव.

अव्वा


सोलापूर, दवाखान्यातून
१५ जानेवारी २०२५

ती. अव्वास शि. सा. न. वि. वि.

अमरेशनं फोनवर मल्लेशला, मला अ‍ॅडमिट केलंय, एवढंच सांगितलंय. तू पुरं सांग म्हणाली होतीस, म्हणून पडल्या पडल्या लिहिते. अक्षर वाकडं येईल. आधी हे वाच, बाळाचे ठोके चालू आहेत. आत्ताही ऐकले.

सोमवारी सकाळी वर्गाला गेले होते. सातवा सरत आला म्हणून अक्कानं माझं आणखी कमी केलं होतं. खुर्चीवर बसून खांदे फिरवणं, श्वास, हॉलमध्ये सावकाश फेऱ्या. घरी आले, जेवले. दुपारी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते आणि एकदम गरम वाटलं. उठून बघते तर रक्त. दुखणं नाही, कळ नाही, नुसतं रक्त. अव्वा, मी ओरडलेसुद्धा नाही. मला वाटलं, झालं. परत तेच.

सासूबाईंनी बघितलं आणि हाक मारली, तशी अक्का धावत आली. मला डाव्या कुशीवर निजवलं, कापड दिलं, डॉक्टरबाईंना फोन लावला. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. रस्ते बंद, रिक्षा पुढे सरकेना. अमरेश खाली उतरून हात जोडत लोकांना बाजूला करत रिक्षापुढे चालत होता. अक्का आत माझा हात धरून एकसारखं विचारत होती, बाळ हललं का. मला काही कळत नव्हतं, मी हो हो म्हणत होते.

वार खालीच राहिली आहे, गर्भाशयाच्या तोंडाशी. वर सरकलीच नाही. या महिन्याची सोनोग्राफी येत्या शुक्रवारी व्हायची होती. रक्त आता थांबलंय. बाळाच्या फुप्फुसांसाठी सुया दिल्यात. बाळंतपणापर्यंत इथेच राहायचं, आणि ते पोट उघडूनच होणार.

आता वाईट सांगते. माझ्या खोलीच्या दारात सगळ्यांसमोर अमरेश अक्कावर तुटून पडला. तुझ्या त्या वर्गानं माझं दुसरं पोर खाल्लं, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाला. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. अक्का तशीच निघून गेली. हॉलशेजारी मैत्रिणीच्या खोलीवर राहते म्हणे. डॉक्टरबाईंनी अमरेशला सांगितलं, वार खाली असली की असं झोपेतसुद्धा होतं. तो मान डोलावतो, पण ऐकत नाही.

मलाही कळत नाही, अव्वा. डॉक्टरबाईंवर विश्वास आहे. पण सकाळी व्यायाम आणि दुपारी रक्त, ही दोन वाक्यं डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसतात, उठतच नाहीत. अक्काला बोलणी बसत होती तेव्हा मी तिच्या बाजूनं बोलायला हवं होतं. मी डोळे मिटून पडून राहिले.

तू ये. लवकर ये.

धनू


सोलापूर,
२० जानेवारी २०२५

ती. पार्वतम्मा मावशींस सा. न. वि. वि.

तुम्ही शुक्रवारी दवाखान्यात आलात. तेव्हा मी जिन्याच्या खाली होते. वर यायचं धाडस झालं नाही.

वर्ग बंद केला आहे. मी केला नसता तरी झालाच असता. बातमी पसरली आणि दोघींच्या नवऱ्यांनी फोन करून नावं काढून घेतली. एकीच्या सासूनं तर मी पोटं पाडते असं म्हटलं.

तुम्ही मागे विचारलं होतं, जबाबदार कोण. तेव्हा मी शहाणपणाचं उत्तर लिहिलं होतं. आता तसं सुचत नाही. ती सकाळ मी पुन्हा पुन्हा करून बघते. तिला आत आल्यावर विचारलं होतं, सगळं ठीक म्हणाली होती. चेहरा बरा होता. खुर्ची, खांदे, श्वास, फेऱ्या. यातलं काय चुकलं? डॉक्टरबाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, काही नाही चुकलं, यामुळे झालेलं नाही, आता मात्र व्यायाम पूर्ण बंद. मी इतर बायकांना हेच सांगितलं असतं. स्वतःला सांगता येत नाही.

धनू माझ्याकडे बघत नव्हती, मावशी. भावाचं बोलणं मी सहन केलं. ते नाही झालं.

तुम्हाला जे बोलायचं असेल ते लिहा. मी सगळं वाचीन.

श्रीदेवी


अक्कलकोट,
२४ जानेवारी २०२५

चि. श्रीदेवी हिस अनेक आशीर्वाद.

बोलायचं लई हाय, पण तुला वाटतं ते न्हाई.

मी डॉक्टरीणबाईंपुढं वही धरली आणि म्हटलं, मला ऐकू येत न्हाई, मोठ्या अक्षरात लिवा, हे व्यायामानं झालं का. त्यांनी लिवलं, ‘नाही.’ मी म्हटलं, निजून राहिली असती तर टळलं असतं का. त्यांनी परत लिवलं, ‘नाही.’ मग पेन खाली ठेवलं आणि माझा हात धरला.

पण मला त्यांच्या कागदाची गरज नव्हती गं. मागच्या वर्षी धनू माझ्या घरात व्हती. उशाला पाणी, पायथ्याला मी. कूस बदलायला सुद्धा मी हात द्यायची. तरी गेलं. त्यानंतर गल्लीतल्या बाया यायच्या, बसायच्या, च्या प्यायच्या आणि इचारायच्या, काय खायला दिलंतं, जिना चढली व्हती का, दिवाबत्तीला एकटी उभी राहिली व्हती का. एक बाई म्हणाली, आईच्या हातात काहीतरी असतंय. मी त्या रात्री हे दोन हात आलटून पालटून बघत बसले व्हते. आजपर्यंत मला त्याचं उत्तर मिळालं न्हाई, कारण उत्तरच न्हाई. म्हणून तो प्रश्न मी तुला इचारणार न्हाई. आणि तू पण स्वतःला इचारू नको. त्याच्यात पडलं की माणूस वर येत न्हाई.

धनू तुझ्याकडं बघत नव्हती कारण ती घाबरलीय. तिला माझ्याकडं सुद्धा बघवत नव्हतं. मी आले की भिंतीकडं तोंड करायची. तिला वेळ दे.

आता माझं ऐक. हॉल उघड. ज्यांनी नावं काढली त्यांना जाऊ दे. त्या निळ्या ड्रेसवालीला थांबवणारं कुणी नसलं तर ती घरात काय काय करंल, याचा इचार कर. मोबाईलवर बघून नाचंल. पोटं काय तुझ्या दुःखासाठी थांबणार न्हाईत.

अमरेशचं मी बघते. बाप व्हायला निघालेला माणूस भ्याला की आधी बहिणीवरच वरडतो.

पोटाला खात जा. एकटी राहतीस म्हणून नुसती भडंग खाऊन झोपू नको.

पार्वतम्मा


सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. मावशींस सा. न. वि. वि.

काल हॉल उघडला. फार कुणी आलं नाही. निळ्या ड्रेसवाली आली. तिचं नाव आरोही आहे, तुम्हाला सांगायचं राहिलं. तिनं खुर्च्या मांडल्या.

रोज संध्याकाळी दवाखान्याच्या खाली जाऊन येते. वॉचमनला विचारते, सगळं ठीक का. वर जात नाही. धनूला परत थोडं रक्त गेलं होतं, असं आईकडून कळलं. मावशी, मला देवाला काही मागायची सवय नाही, तुम्ही मागा.

श्रीदेवी


अक्कलकोट,
१२ मार्च २०२५

चि. श्रीदेवी हिस, आत्या झालेल्या लेकीस अनेक आशीर्वाद.

पोरगी झाल्याचं तुला फोनवर कळलंच असणार. पण मी तवा तितं मुक्कामाला व्हते आणि तू नव्हतीस, म्हणून माझ्या हातानं लिवते.

फेब्रुवारीच्या सतरा तारखेला सकाळी धनूचं लई रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी थांबायचं न्हाई म्हणून लगेच आत नेलं. बाहेर बाकावर मी, अमरेश आणि तुझी आई. माझ्या कानात कायमची शांतता, त्यामुळं आत काय चाललंय, कोण पळतंय, कोण काय बोलतंय, मला समजायचं साधन न्हाई. मी अमरेशच्या तोंडाकडं बघत बसले. त्याचं तोंड पांढरं पडलं की माझा जीव जायचा. रक्ताच्या बाटल्या आत गेल्या. परत बाटल्या आत गेल्या. मग एकदम त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि त्याची पाठ हलायला लागली. मला वाटलं, गेलं सगळं. त्यानं वर बघितलं तर रडत रडत हसत व्हता. आतनं रडणं ऐकू आलं व्हतं त्याला.

पोर चिमणीएवढी. थोडे दिवस काचेत ठेवली, आता घरी हाय. दूध ओढते. धनूला रक्त चढवावं लागलं, पण वाचली.

हितं आणल्यापासनं मात्र ती पलंग सोडंना. टाके भरलेत, डॉक्टरीणबाई म्हणतात चालव, सावकाश श्वासाचं करव. मी हात धरला की दोन्ही हातांनी पोट दाबून धरते आणि परत आडवी होते. उठली की आपल्यातनं काहीतरी सांडंल असं तिला वाटतं. मी लई समजावलं. मला समजावता येत न्हाई, कारण मी पण तेवढीच भ्यालेली असते. काल ती आपण होऊन म्हणाली, अक्का असती तर उठले असते. हे ती पाटीवर लिवत नव्हती, तोंडानं म्हणाली, मी ओठ वाचले. मग लिवून पण घेतलं, खात्री करायला.

अमरेश शनिवारी आलता. त्याला सांगितलं, पुढच्या खेपेला बहिणीला गाडीत बसवून घेऊन ये. त्यानं ऐकू आलं न्हाई असं केलं. मी म्हटलं, जावईबापू, ऐकू न येण्याचा मान ह्या घरात एकटीचा माझा हाय. मग मान खाली घालून बसला. पाटी ओढून लिवलं, तिला काय तोंड दाखवू. मी म्हटलं, हाय तेच दाखव, सख्खं हाय.

तो रविवारी सकाळी हॉलच्या खाली येऊन उभा राहणार हाय. वर यायचा न्हाई, लाजतोय. तूच खाली उतर.

ह्या पत्राचं उत्तर लिवू नको. तू ये.

तुझी,
मावशी